पाणसोट आणि पंच

काष्टीत अंगणातल्या झाडावर कोयता चालवायचा असेल तर शनिवार टाळावा, ही सूचना मी या सदरातून सर्व संबंधितांस विनामूल्य देत आहे. कारण त्या दिवशी जनावरांच्या बाजाराला आलेल्या मंडळींना बैलाचे दात पाहता पाहता परीक्षेची अशी काही सवय जडते की, परतीच्या वाटेवर जे जे दृष्टीस पडेल त्याची पारख केल्यावाचून त्यांना पुढे जाववत नाही.

आमच्या परसातली कागदी लिंबोणी आणि तिचे काटे नियमित वाचकांच्या परिचयाचे आहेत. यंदा ती इतकी माजली की न्हाणीघराची खिडकी उघडेनाशी झाली, म्हणून पावसाळ्यापूर्वी तिची विरळणी करण्याचे योजिले. लिंबोणीला भारी छाटणी मानवत नाही; वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या व पाणसोट तेवढे काढून, जखमेवर एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी या प्रमाणातली बोर्डो पेस्ट लावावी, एवढेच ते शास्त्र. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ आहेत, लिंबोणी नाही. सबब दरखास्त करण्याचेही कारण नव्हते.

पाणसोट हा मोठा प्रेक्षणीय प्रकार आहे. सरळसोट, रसरशीत, हातभर काट्यांचा आणि झाडाचे सारे अन्न ओढून शेंड्याला जाऊन बसलेला, परंतु फळाच्या नावाने शून्य. चौकातल्या फलकावर वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारणाऱ्या नवोदित नेतृत्वाचे स्मरण मला दरवर्षी त्याला पाहूनच होते.

पहिलाच पाणसोट हाती धरला, तोच शेजारच्या आबांनी कुंपणावरून हरकत नोंदविली. "अण्णा, आमच्या अंगावरची फांदी तेवढी ऱ्हाऊ द्या. तिच्या सावलीला शेरडं बांधतो मी." त्या फांदीची लिंबे कुंपणापलीकडे पडतात आणि तिकडच्याच लोणच्यात मुरतात, ही वहिवाट इतकी जुनी आहे की तिच्याविषयी बोलणे मलाच अप्रशस्त वाटले. इतक्यात बाजारातून शेळ्या घेऊन निघालेले एक गृहस्थ थांबले. त्यांच्या मते नेमकी तीच फांदी रोगट होती, आणि तिचा पाला शेळ्यांना घालून रोगाचा नायनाट करण्यास ते तत्काळ सिद्ध होते. तिसऱ्याने, ज्याचा बैल त्या दिवशी विकला गेला नव्हता, झाडाभोवती एक प्रदक्षिणा घालून अख्खे झाडच काढून तिथे शेवगा लावण्याचा निवाडा दिला. आमच्या सौभाग्यवतींनी खिडकीतून, म्हणजे जी उघडत नव्हती त्या खिडकीच्या फटीतून, सर्वांना चहा विचारला, आणि मसलतीला बैठकीचे स्वरूप आले.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र मला अशा वेळी हटकून आठवते. आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावेच लागले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्यातला आशय. पंतांनी रयतेच्या झाडांना आरमारापासून अभय दिले. सल्लागारांपासूनही ते द्यावे लागेल, हे मात्र त्या दूरदर्शी पुरुषाच्याही ध्यानी आले नसावे.

चहाबरोबर विषय बैलाच्या किमतीवर गेला, तिथून वैरणीच्या दरावर, तिथून कुकडी कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनावर. आणि आवर्तनाचा विषय श्रीगोंदे तालुक्यात निघाला की सूर्यास्तापूर्वी आटोपत नाही. शेवटी अंधार पडू लागला तेव्हा शेळ्यांच्या मालकाने कुणाच्याच हिशेबात नसलेली एक फांदी मोडून नेली, आणि आबा माझा कोयता मागून घेऊन गेले. त्यांना शेवगा छाटायचा आहे, आणि त्याला म्हणे कुणाला विचारावे लागत नाही.