वाकळीचे शास्त्र आणि बालकांचा शीतप्रवास

हेमंत ऋतूची चाहूल लागली की आपल्या चिकित्सालयांतून एक मागणी दरवर्षी ऐकू येते. ‘डॉक्टरसाहेब, सुटीत मुलांना घेऊन सिमला-मनालीला निघालो आहोत, सर्दीखोकल्याचे काहीतरी बरोबर द्या.’ आपण सितोपलादीच्या पुड्या बांधून देतो, ‘थंडीत जपा’ असे सांगतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. आमच्या मते एवढ्याने वैद्याचे कर्तव्य अर्धेच पार पडते. पुडीच्या आधी पेटीविषयी बोलले गेले पाहिजे. शीत प्रदेशात बालकाच्या बाबतीत वस्त्र हीच पहिली चिकित्सा होय.

हिंगोली जिल्ह्याचे उत्तरेशी नाते जुने आहे. संत नामदेवांचे नरसी आपल्याच जिल्ह्यात आणि त्यांच्या पंजाबातील वास्तव्याचे घुमान गुरदासपूर जिल्ह्यात. २०१५ साली घुमानला ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि ते नाव मराठी घराघरांत पोचले. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस सुमारे दोन हजार किलोमीटर धावून अमृतसरला पोचते. तेथून पुढे कोणी घुमानला, कोणी हिमाचलात, तर कोणी जम्मूकडे जातो. मात्र ते संमेलन एप्रिलमध्ये झाले होते, हे विसरू नये. त्या वेळी जाऊन आलेल्यांचा अनुभव डिसेंबर-जानेवारीत उपयोगाचा नाही. थंडी फक्त डोंगरावर असते, हा समजही खरा नाही. जानेवारीत पंजाबच्या सपाट मैदानातही दाट धुके पडते, दिवसचे दिवस ऊन दिसत नाही आणि गाड्या तासन् तास उशिराने धावतात.

अशा प्रवासासाठी आपल्याकडचे पालक काय करतात? बाजारातून मुलासाठी एक जाडजूड जाकीट आणतात आणि गाडीत बसण्यापूर्वीच ते त्याच्या अंगात चढवतात. परभणी-मनमाडपर्यंत डब्यात उकडत असते, मूल खेळते, घामाघूम होते आणि आतला सदरा भिजतो. रात्री खिडकीच्या फटीतून वारा येऊ लागला की तोच ओला सदरा अंगाची ऊब शोषून घेतो. सकाळी नाक वाहू लागते आणि दोष मात्र ‘तिकडच्या हवे’ला दिला जातो.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकाच्या अंथरूण-पांघरुणाविषयी जे सांगितले आहे, ते या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. बालकाची प्रावरणे मृदू, लघू, शुची व सुगंधी असावीत. घामाने वा मलमूत्राने दूषित झालेली टाकावीत आणि दुसरी मिळण्याजोगी नसतील तर तीच स्वच्छ धुऊन, धूपन करून, पूर्ण वाळवून वापरावीत. येथे जाडी वा वजन यांचा गुण म्हणून उल्लेख नाही. लघुत्व आणि शुष्कता यांवर भर आहे, आणि प्रवासाच्या पेटीला हे दोनच निकष पुरेसे आहेत.

हे शास्त्र आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. मराठवाड्याची वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून शिवलेले पांघरूण. त्यातले एकेक लुगडे झिरझिरीत असते, तरी वाकळ उबदार होते, कारण पदरांमध्ये कोंडलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बाळाला झबले, त्यावर टोपडे आणि बाहेर नेताना कुंची घालण्याची रीतही याच तत्त्वाची. पालकांना आपण एवढेच सांगावे की एका जाड कपड्याऐवजी मुलाच्या अंगावर वाकळ रचा. आत अंगालगत मऊ व पातळ कपडा, मध्ये लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारे हलके जाकीट. बर्फात खेळताना आतला कपडा सुती नसलेला बरा, कारण भिजलेले सूत लवकर वाळत नाही. लोकर मात्र ओलसर झाली तरी काही ऊब राखते. डब्यात वा खोलीत शिरताच वरचा पदर काढावा, बाहेर पडताना पुन्हा चढवावा.

कपडे किती जोड घ्यावेत, हे प्रवासाच्या दिवसांवर ठरवू नये. धुतलेला कपडा वाळायला किती वेळ लागतो, यावर ठरवावे. हिंगोलीत सकाळी धुतलेले झबले दुपारी वाळते. धुक्यात ते दोन दिवस ओलेच राहते. म्हणून बाहेरचे जाकीट एकच पुरे, पण आतले कपडे, पायमोजे आणि लंगोट भरपूर असावेत. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावा. आसनाखालच्या पेटीत तळाशी असलेला कपडा वेळेवर कामी येत नाही. बूट पायमोज्यांसह घालून पाहावेत. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबल्यास रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गार पडतात.

चालणाऱ्या आईबापांना थंडी कमी वाजते. कडेवरचे मूल हालचाल करत नसल्याने त्याच हवेत गारठते. त्याला आपल्यापेक्षा एक पदर अधिक लागतो. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. मानेमागे हात लावून पाहावे. तेथे घाम असेल तर एक पदर काढावा, गार असेल तर वाढवावा.

सात्म्य हळूहळू बदलावे, हा चरकाचा पादांशिक क्रम आणि ऋतुसंधीच्या चौदा दिवसांविषयीचा वाग्भटांचा उपदेश आपण ऋतुचर्येत नेहमी सांगतो. प्रवास हा तर काही तासांत घडणारा ऋतुसंधीच होय. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून, सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या मनालीहून लाहौलमधील तीन हजार मीटरहून उंच गावी सकाळी निघून दुपारपर्यंत सहज पोचता येते. लहान मुलांसह जाणाऱ्यांनी मनालीत एक-दोन मुक्काम करूनच वर जावे. वर गेल्यावर मूल किरकिर करू लागले, खाईना, वांती करू लागले तर अंगावर आणखी कपडे चढवत बसू नये. त्वरित खाली उतरावे.

काही गोष्टी मात्र ठामपणे वर्ज्य म्हणून सांगितल्या पाहिजेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी वा अंगीठी पेटवून झोपू नये. तिच्या वासहीन विषारी वायूने झोपेतच प्राण जातात. वर्षाच्या आतील बाळाला झोपवताना तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये आणि डोक्यावर टोपीही ठेवू नये. दोन वर्षांखालील मुलाच्या नाकाशी वा छातीला कापूर लावू नये. तो पोटात गेल्यास आकडी येऊ शकते. घरगुती उपाय म्हणून कापराची पुरचुंडी सुचवण्याची सवय आपल्यातही आहे. ती आता सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर दोन आक्षेप येतात. ‘थोडी थंडी सोसू द्या, पोरे काटक होतात,’ असे एक मत आहे. व्यायामशक्ती असलेल्या प्रौढाला ते काही अंशी लागू पडेल. कफप्रधान वयातील बालकाला नाही. ‘लहान मुलांना थंडीत नेऊच नये,’ हे दुसरे टोक. हेही आम्हांस मान्य नाही. हेमंतात अग्नी प्रबळ असतो. सकाळी तिळाच्या तेलाचा अभ्यंग, वेळेवर गरम व ताजे अन्न आणि अंगावर कोरडे पदर असले, तर निरोगी मुलासाठी हा प्रवास आनंदाचाच होतो.

अखेर एक विचार मांडणे आवश्यक वाटते. आपल्या मराठवाड्यातून दिवाळीच्या आसपास मुलाबाळांसह घर सोडणारी सर्वच कुटुंबे सहलीला जात नाहीत. अनेकजण ऊसतोडीसाठी जातात आणि त्यांची मुले सारा हिवाळा उघड्या फडाशेजारच्या खोपीत काढतात. मनालीच्या हॉटेलातील मुलाला जो नियम, तोच या मुलालाही. किंबहुना त्याला तो अधिक लागू आहे. पातळ कपड्यांचे पदर, एक कोरडा जोड आणि खोपीत शेगडीचा धूर न कोंडणे या तिन्ही गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, पण कोणीतरी सांगावे लागते.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक चिकित्सालयाने दिवाळीपूर्वी या विषयावरचे एक पानी टिपण तयार ठेवावे आणि सितोपलादीच्या पुडीबरोबर ते हाती द्यावे. सुटीला निघालेल्या कुटुंबाला द्यावे, आणि कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबाला वाचून दाखवावे.