इतिहासाचा अभ्यास व नवीं साधनें

इतिहास म्हणजे सनावळ्यांचें पाठांतर, ही समजूत आमच्या विद्यार्थ्यांत अद्यापि दृढ आहे. आणि ती दूर व्हावी म्हणून जे ‘प्रकल्प’ हल्लीं शाळाशाळांतून करविले जातात, त्यांनीं ती फारशी ढळली आहे असें आम्हांस वाटत नाहीं. प्रकल्प म्हटला कीं वडिलांनीं दुकानांतून छापील चित्रें आणावयाचीं, आईनें तीं चिकटवावयाचीं, आणि मजकूर यंत्राकडून लिहवून घ्यावयाचा! यांत विद्यार्थ्याच्या वांट्यास काय आलें? फार तर वहीचें वेष्टन.

वास्तविक ही पद्धति कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं तिच्यावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पंजाबांतील मोगा येथील मिशनच्या अध्यापक-विद्यालयांत मॅकी साहेबांनीं ती खेड्यांतील मुलांसाठीं चालूं केली. तेथें चिकटविण्यास चित्रें नव्हतीं. खेड्यांतील घर व शेत हेच अभ्यासाचे विषय होते.

पुण्याचेंच उदाहरण घेऊं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही गेलें, आणि मुठेच्या कांठच्या पेठाच्या पेठा जलमय झाल्या. त्या दिवशीं जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या घरांत आहे. जुनें दप्तर दहा वर्षांनींही उघडून पाहतां येतें. हे साक्षीदार तोंवर राहतील असें कोणी सांगावें?

आतां चार विद्यार्थ्यांनीं मिळून एक फोन घ्यावा (प्रत्येकाच्या हातीं असण्याची मुळींच गरज नाहीं) आणि शेजारच्या आजोबांकडे जावें. पाणी किती वाजतां आलें, कोणत्या पायरीपर्यंत चढलें, घर सोडतांना हातीं काय घेतलें, हें विचारावें व त्यांच्या अनुमतीनें ध्वनिमुद्रण करावें. ज्यांचें माणूस त्या दिवशीं गेलें, त्यांच्यापुढें मात्र यंत्र धरण्याची घाई करूं नये. तेथें नुसतें ऐकून परत येणें हाही अभ्यासच आहे. मग इस्रोच्या ‘भुवन’ नकाशावर एकेक घर व पाण्याची उंची मांडावी. पूरग्रस्तांसाठीं गोखलेनगर, लोकमान्यनगर या वसाहती कां वसल्या, हें तो नकाशा पाहतां पाहतां आपोआप विचारलें जाईल.

खरी मौज पुढेंच आहे. एका आजी म्हणतील पाणी सकाळीं आलें, दुसऱ्या म्हणतील दुपारीं. कोण चुकतें? कदाचित् कोणीच नाहीं. एकीचें घर नदीकांठीं असेल, दुसरीचें उंचावर. हें ठरविण्यासाठीं ग्रंथालयांत जाऊन त्या वेळचीं वर्तमानपत्रें चाळावीं लागतात. येथें विद्यार्थी इतिहास वाचणारा न राहतां इतिहास शोधणारा होतो. लूकानें आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षींचा व बारीक शोधाचा उल्लेख केला आहे. राजवाड्यांनीं गांवोगांव फिरून कागद जमविले, तेव्हां त्यांच्याजवळ छायाचित्रक नव्हता. आजच्या मुलाच्या खिशांत तो आहे, आणि तो बहुधा खेळांतच खर्ची पडतो.

नव्या यंत्रांचें भय घालणारांशीं आमचें जमत नाहीं. ‘पुराचें चित्र काढ’ म्हटलें कीं यंत्र क्षणांत बुडालेला लकडी पूल काढून देतें, व तो पाहून भलाभला फसेल. तें चित्र वर्गांत अवश्य आणावें, जुन्या छायाचित्राशेजारीं लावावें, आणि त्यांतील खोटें कोठें आहे तें मुलांनींच दाखवावें. पुरावा म्हणजे काय, हें शिकविण्यास याहून सोपा धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

पालक विचारतील, यानें गुण वाढतील काय? कदाचित् या वर्षीं नाहीं. परंतु इयत्ता दहावीच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकांतच इतिहासलेखनाच्या परंपरांवर धडे आहेत. ते घोकण्याऐवजीं एकदां करून पाहिले तर लक्षांत तरी राहतील. पालकांकडे आमचें मागणें थोडें आहे. वही आपण सजवूं नये. ती वेडीवांकडी आली तरी आम्ही ती आनंदानें तपासूं. आणि घरांत आजी-आजोबा असतील, तर येत्या सुटींत एक दुपार त्यांच्यासाठीं व मुलांसाठीं मोकळी ठेवावी, व त्या वेळीं दूरदर्शन बंद असावें.