माल सीमेपार, हक्क मात्र नाक्यावरच!

कागल हे पुणे-बंगळूर महामार्गावरील महाराष्ट्राचे शेवटचे तालुक्याचे गाव. कोगनोळी आली की कर्नाटक, पुढे निपाणी. दूधगंगेचे पाणी दोन्ही राज्ये वाटून घेतात. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मालाची वाट मोकळी झाली. यालाच राज्यकर्ते प्रदेशा-प्रदेशांतील आर्थिक सहकार्य म्हणतात. आमचा सवाल एवढाच, की हे सहकार्य कोणाचे? मालाचे की माणसाचे?

घटनेच्या कलम 301 ने व्यापार देशभर मुक्त केला. कलम 19 ने माणसालाही कोठेही राहण्याचे, धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले. मात्र कलम 341 प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार ठरते. महार, मांग, चांभार या जाती दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत. तरीही निपाणीहून पोटासाठी कागलला येऊन स्थायिक झालेल्या बांधवाला तिकडच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या राज्यसेवेत आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2018 साली यावर शिक्कामोर्तब केले. भाड्याची खोली मागताना त्याची जात विचारली जाते. सवलत मागताना मात्र ती परराज्यातील ठरते! जात सीमा ओलांडते, जातीवरचा इलाज ओलांडत नाही.

स्थानिक बांधवांच्या जागा बाहेरच्यांनी घेऊ नयेत, ही भीती आम्ही खोटी मानत नाही. राखीव जागांचा प्रश्न वेगळा ठेवा. पण कर्ज, औद्योगिक भूखंड, मुलांची शिष्यवृत्ती यांचे काय? दोन्ही याद्यांत असलेल्या जातींना, ठराविक वर्षांच्या रहिवासानंतर, या योजना मिळाव्यात. खर्च दोन्ही राज्यांनी वाटून घ्यावा. कायद्याची अडचण असेल तर ती संसदेने दूर करावी.

हे बोलायचे कोठे? महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत, कर्नाटक दक्षिण परिषदेत! सीमाप्रश्नावर गर्जना करणारे प्रस्थापित पुढारी या प्रश्नावर मूग गिळून बसतात, कारण यात त्यांच्या कारखान्याचा ऊस नाही.

मार्च 1920 मध्ये कागल जहागिरीतील माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. शाहू महाराज तेथे आले. 1925 मध्ये बाबासाहेब निपाणीच्या परिषदेला गेले. तेव्हाही मध्ये संस्थान आणि ब्रिटिश मुलखाची हद्द होतीच. चळवळीने ती जुमानली नाही. आज दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी एकत्र बसून मागणीचा एकच मसुदा करावा आणि तो मुंबई व बंगळूर, दोन्हीकडे धाडावा. माणगाव-निपाणीचा वारसा सांगणाऱ्यांनी एवढे तरी केलेच पाहिजे!