डावाच पाय का सुजतो?

पेढीवर सकाळपासून मांडी घालून बसलेल्या व्यापाऱ्याचे पाय संध्याकाळी जड व्हावेत, यात नवल नाही. परंतु केवळ डावाच पाय अचानक सुजला, तर कारण पायापेक्षा वर, ओटीपोटात असू शकते.

पायांतील रक्ताला हृदयाकडे परतताना चढ चढावा लागतो. ते वर ढकलण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात आणि शिरांतील झडपा ते खाली उतरू देत नाहीत. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर असतो. काही पावले चालताच तो ३० च्या आसपास येतो. पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींना हा लाभ आपोआप मिळतो, गादीवर बसणाऱ्याला नाही.

गुडघ्यामागून मांडीत आलेली मुख्य शीर जांघेतून वर चढते. पुढे गर्भाशय, मूत्राशय, गुदाशय यांचे रक्त आणणारी शीर तिला मिळते. दोन्ही बाजूंचे हे प्रवाह कमरेच्या पाचव्या मणक्यासमोर एकत्र येतात. मात्र मध्यावर नव्हे, किंचित उजवीकडे. त्यामुळे डावी शीर अधिक लांब व तिरकी असते, आणि उजव्या पायाकडे जाणारी धमनी तिच्यावरूनच जाते. मागे कठीण मणका, पुढे ठोके देणारी धमनी! डाव्या बाजूस गुठळ्या अधिक होतात, हे विर्शो या जर्मन वैद्यकाने १८५१ मध्येच नोंदवले होते. पुढे १९५७ मध्ये मे आणि थर्नर यांनी ४३० मृतदेह तपासले, तेव्हा सुमारे २२ टक्क्यांत त्या जागी शिरेच्या आत जाड पडदे आढळले. असा दाब असूनही बहुतेकांना जन्मभर त्रास होत नाही. गर्भारपण, शस्त्रक्रिया, दीर्घ बैठक किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांची भर पडली, की धोका वाढतो.

म्हणूनच चौविहार अठ्ठाईचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी, पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया वा बाळंतपण झालेल्यांनी डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. पर्वकाळात पाळी पुढे ढकलण्यासाठी घरोघरी गोळ्या घेतल्या जातात. त्याही विचारल्याविना घेऊ नयेत. याविषयी संकोचाने मौन पाळले जाते, हे योग्य नाही.

एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली, तर तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी. सोबत धाप लागली वा छातीत दुखले, तर गुठळी सुटून फुफ्फुसात गेल्याची शंका असते. अशा वेळी सरळ रुग्णालय गाठावे.