विश्लेषण : खराब रस्ते जपणारी सायकल शर्यत... पॅरिस-रुबेचा ‘नरक’ आता किती धोकादायक ठेवायचा?

सायकल शर्यत येणार म्हटले की रस्ते दुरुस्त होतात, खड्डे बुजतात, वर डांबराचा ताजा थर चढतो. उत्तर फ्रान्समध्ये दर एप्रिलमध्ये होणाऱ्या पॅरिस-रुबे या एकदिवसीय शर्यतीत मात्र उलटा प्रकार आहे. तिथे ओबडधोबड दगडी रस्ते आहेत तसेच राहावेत म्हणून माणसे वर्षभर राबतात. हे रस्ते गुळगुळीत झाले तर शर्यतीत काही उरणार नाही, हे आयोजकांनाही ठाऊक आहे आणि सायकलपटूंनाही. मात्र सायकली आणि त्या चालवणारे दोघेही पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान झाले आहेत. त्यामुळे परंपरा म्हणून किती धोका राखायचा, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

पॅरिस-रुबे शर्यत नेमकी काय आहे?

टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते. पॅरिस-रुबे एका दिवसात संपते. व्यावसायिक रोड सायकलिंगमधील पाच सर्वांत प्रतिष्ठित एकदिवसीय शर्यतींना ‘मॉन्युमेंट’ म्हणजे स्मारके म्हटले जाते. मिलान-सान रेमो, टूर ऑफ फ्लँडर्स, लीज-बास्तोन-लीज आणि लोम्बार्डिया यांच्यासह पॅरिस-रुबेचा त्यात समावेश होतो. २०२५मध्ये पुरुषांच्या शर्यतीचे अंतर सुमारे २५९ किलोमीटर होते. त्यापैकी सुमारे ५५ किलोमीटर दगडी रस्ता होता आणि तो ३० टप्प्यांत विभागलेला होता. प्रत्येक टप्प्याला खडतरपणानुसार एक ते पाच तारे दिले जातात. आरेनबर्ग, मों-आं-पेव्हेल आणि काररफूर द लार्ब्र हे तीन टप्पे पाच ताऱ्यांचे आहेत. टप्प्यांचे क्रमांक उलटे लावलेले असतात, म्हणजे क्रमांक एक सर्वांत शेवटी येतो. या मार्गावर डोंगर नाही, मोठा चढही नाही. सगळी परीक्षा हे दगडच घेतात. शर्यत रुबेतील खुल्या व्हेलोड्रोममध्ये संपते आणि विजेत्याला चषकाऐवजी दगडी चिरा दिला जातो. नावात पॅरिस असले तरी १९७७पासून शर्यत पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवरील काँपिएन्य येथून सुरू होते.

सुरुवात कशी झाली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुबे हे कापड गिरण्यांचे भरभराटीचे शहर होते. थिओडोर व्हिएन आणि मॉरिस पेरेझ या तिथल्या दोन गिरणी मालकांनी १८९५मध्ये शहरात व्हेलोड्रोम बांधला. तिथे प्रेक्षक यायचे तर काहीतरी मोठे घडायला हवे होते. त्यांनी पॅरिसमधील ‘ल व्हेलो’ या क्रीडा दैनिकाकडे पॅरिसहून रुबेपर्यंत शर्यत घेण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा बोर्दो-पॅरिस ही शर्यत प्रतिष्ठेची होती. नवी शर्यत तिच्या तयारीसाठी सरावाची ठरेल, असे या दोघांचे म्हणणे होते.

मार्ग पाहण्यासाठी दैनिकाने व्हिक्टर ब्रेयर या वार्ताहराला पाठवले. अर्धा रस्ता मोटारीने आणि उरलेला सायकलने कापून, पावसात भिजून, चिखलाने माखून तो रुबेत पोहोचला. शर्यत रद्द करा अशी तार करण्याच्या विचारात तो होता, पण गरम जेवण आणि पाहुणचार मिळाल्यावर त्याचे मत बदलले, असे सांगितले जाते. १९ एप्रिल १८९६ रोजी पहिली शर्यत झाली आणि जर्मनीचा जोसेफ फिशर जिंकला. पहिले बक्षीस एक हजार फ्रँकचे होते. तिसऱ्या आलेल्या मॉरिस गारँने पुढची दोन वर्षे ही शर्यत जिंकली. हाच गारँ १९०३मध्ये पहिल्या टूर द फ्रान्सचा विजेता ठरला. जिच्या सरावासाठी ही शर्यत सुरू झाली ती बोर्दो-पॅरिस १९८८नंतर व्यावसायिक शर्यतींतून बाद झाली. सरावाची शर्यत मात्र टिकली.

‘उत्तरेचा नरक’ हे नाव दगडांमुळे पडले का?

नाही. हे नाव युद्धाने दिले. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१८ शर्यत बंद होती आणि तिच्या मार्गाचा बराचसा भाग आघाडीच्या टापूत गेला होता. १९१९मध्ये शर्यत पुन्हा घेता येईल का, हे पाहण्यासाठी आयोजकांचे प्रतिनिधी आणि सायकलपटू युजेन ख्रिस्तोफ उत्तरेकडे निघाले. तिथे त्यांना तोफगोळ्यांचे खड्डे, बेचिराख गावे, जळके बुंधे आणि चिखल दिसला. त्या वेळच्या वृत्तपत्रांतून या प्रदेशासाठी ‘नरक’ हा शब्द आला आणि शर्यतीला कायमचा चिकटला. त्या वर्षी आंरी पेलिसिए जिंकला, पण शर्यत पूर्ण करायला त्याला १२ तासांहून अधिक वेळ लागला. सरासरी वेग ताशी २३ किलोमीटरच्याही खाली होता. पुढे गावे पुन्हा उभी राहिली, खड्डे बुजले आणि नावाचा अर्थ सरकत सरकत दगडांपर्यंत आला. आज बहुतेक प्रेक्षक ‘नरक’ म्हणजे दगडी रस्ते असेच समजतात.

दगडी रस्ते नाहीसे का होऊ लागले?

सुरुवातीच्या दशकांत दगडी रस्त्यांचे कुणाला अप्रूप नव्हते. उत्तर फ्रान्समधील बरेचसे रस्ते तसेच होते. कोळशाच्या आणि शेतमालाच्या जड गाड्या चिखलात रुतू नयेत यासाठी तिथे चिरे उपयोगी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये रस्त्यांची कामे जोरात सुरू झाली आणि एकेक रस्ता डांबराखाली गेला. त्यातच दूरचित्रवाणी आली. आपल्या गावातील खडबडीत रस्ते देशभर दिसले तर लोक आपल्याला मागासलेले समजतील, अशी धास्ती अनेक महापौरांना वाटू लागली. शर्यत ज्या रस्त्यांवरून जाई, तेच रस्ते आधी डांबरी होऊ लागले. १९६५मध्ये मार्गावर जेमतेम २२ किलोमीटर दगडी रस्ता उरला होता.

शर्यतीपुढचा हा खरा पेच होता. सपाट प्रदेशात डांबरी रस्ता असेल तर सगळे एकाच घोळक्यात शेवटपर्यंत जातात आणि निकाल अखेरच्या काही मीटरमध्ये लागतो. दगडांवर तसे होत नाही. चाक उसळते, हात बधिर होतात, टायर फुटतात आणि घोळका पांगतो. दगड गेले असते तर शर्यत नावापुरतीच उरली असती.

आरेनबर्गचा रस्ता कसा सापडला?

आयोजकांनी आल्बेर बूव्हे या माजी सायकलपटूवर नवे, म्हणजे प्रत्यक्षात जुने, रस्ते शोधण्याची जबाबदारी टाकली. त्यात मदतीला आला जाँ स्टाब्लिन्स्की. १९६२चा हा जगज्जेता पोलिश स्थलांतरित कुटुंबातला होता आणि तरुणपणी वालेर-आरेनबर्गच्या कोळसा खाणीत काम करत असे. खाणीजवळच्या जंगलातून जाणारा सुमारे २.३ किलोमीटरचा सरळसोट दगडी रस्ता त्याला माहीत होता. १९६८मध्ये हा रस्ता पहिल्यांदा शर्यतीत आला आणि त्या वर्षी एडी मर्क्स जिंकला. ज्या जमिनीखाली स्टाब्लिन्स्कीने कोळसा काढला होता, तिच्यावरूनच आता शर्यत धावू लागली. रस्त्याच्या तोंडाशी त्याचे स्मारक आहे. खाण १९८९मध्ये बंद झाली आणि २०१२मध्ये या साऱ्या खाणपट्ट्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

गिरण्या बंद, खाणी बंद, तरुण बाहेर, अशा काळात या भागाकडे जगाचे लक्ष वर्षातून एकदा तरी जाते ते याच रस्त्यांमुळे. ज्या दगडांची गावांना लाज वाटत होती, त्यांचाच आता अभिमान वाटू लागला.

हे रस्ते राखते कोण?

हे रस्ते संग्रहालयात ठेवलेले नाहीत. त्यातील बहुतेक आजही शेतरस्ते आहेत. बीट आणि बटाट्याने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांखाली दोन्ही बाजू खचतात, मधला भाग फुगतो, सांध्यांतली माती वाहून जाते आणि चिरे सैल होतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्थापन झालेली ‘पॅरिस-रुबेचे मित्र’ ही स्वयंसेवकांची संघटना हे चिरे काढून, खालचा थर पुन्हा रचून, एकेक दगड हाताने बसवते. बागकाम शिकवणाऱ्या शाळांतील विद्यार्थीही या कामात उतरतात. स्थानिक प्रशासन खर्च उचलते. आरेनबर्गच्या सांध्यांत उगवलेले गवत काढण्यासाठी अलीकडे शेळ्याही सोडल्या गेल्या. २००५मध्ये आरेनबर्गचा रस्ता इतका खचला होता की त्याला मार्गातून वगळावे लागले. दुरुस्तीनंतर तो २००६मध्ये परतला. रस्ता खडबडीत हवा, पण जीवघेणा नको, हे प्रमाण राखणे हेच या मंडळींचे कसब आहे.

धोका खरोखर किती आहे?

आरेनबर्गमध्ये सायकलपटू ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने शिरतात. जागा अरुंद असल्याने पुढे राहण्यासाठी त्याआधीच रेटारेटी होते. १९९८मध्ये बेल्जियमचा योहान म्युझीऊ इथेच पडला. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली, जखमेत संसर्ग झाला आणि पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती. दोन वर्षांनी त्याने हीच शर्यत जिंकली आणि अंतिम रेषेवर त्या गुडघ्याकडे बोट दाखवले. फिलिप गोमाँची मांडी २००१मध्ये याच रस्त्यावर मोडली. २०१८मध्ये २३ वर्षांचा मिकाएल गूलार्ट्स शर्यतीदरम्यान कोसळला आणि त्याच दिवशी मरण पावला. त्याचे हृदय पडण्यापूर्वीच बंद पडले होते, असे तपासात समोर आले. त्यामुळे त्या मृत्यूचा दोष दगडांना देता येत नाही. पण शर्यत शरीराकडून किती मागते, याची चर्चा तेव्हा पुन्हा झाली.

आताच वाद का पेटला?

कारण आहे वेग. एकेकाळी इथे अरुंद, टणक टायर वापरले जात. आता ३० मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर कमी हवेवर चालतात, डिस्क ब्रेक आले आहेत आणि सायकली अधिक वायुगतिक झाल्या आहेत. साधने सुधारली तशी दगडांची धग कमी झाली, पण तितकाच वेग वाढला. २०२४मध्ये माथ्यू व्हॅन डर पूलने ताशी ४७.८ किलोमीटर या विक्रमी सरासरीने शर्यत जिंकली. १९१९च्या दुपटीहून अधिक!

त्याच वर्षी सीपीए या सायकलपटूंच्या संघटनेच्या आग्रहावरून आरेनबर्गच्या तोंडाशी तीव्र वळणांचा अडथळा उभारण्यात आला. घोळका मंदावून आत जावा, हा हेतू होता. छायाचित्रे बाहेर येताच हा विनोद आहे का, असा सवाल खुद्द व्हॅन डर पूलने समाजमाध्यमावर केला. सरळ रस्त्यावरचा धोका टाळण्यासाठी वळणावरचा धोका आणला, अशी टीका झाली. प्रत्यक्षात तिथे मोठा अपघात झाला नाही. २०२५मध्ये आयोजकांनी तो अडथळा काढला आणि मार्ग खाणीच्या आवारातून वळवला, जेणेकरून वेग वळणांमुळे आपोआप कमी व्हावा.

१३ एप्रिल २०२५च्या शर्यतीने वादाची दुसरी बाजू दाखवली. टाडेय पोगाचार पहिल्यांदाच इथे उतरला होता. शेवटचे सुमारे ३८ किलोमीटर बाकी असताना एका वळणावर तो चुकला, पडला आणि व्हॅन डर पूल पुढे निघून गेला. व्हॅन डर पूलचा हा सलग तिसरा विजय. असे याआधी केवळ ओक्ताव्ह लापिझ आणि फ्रांचेस्को मोझेर यांनाच जमले होते. पण एकटा पुढे असताना एका प्रेक्षकाने त्याच्या तोंडावर भरलेली बाटली फेकली. म्हणजे धोका केवळ दगडांतून येत नाही, रस्त्याच्या कडेला दाटलेल्या गर्दीतूनही येतो. आणि गर्दीसाठी वळणे आखता येत नाहीत.

महिलांना १२५ वर्षे का थांबावे लागले?

इतक्या खडतर रस्त्यांवर महिलांची शर्यत नको, असा समज आयोजकांच्या जगात दीर्घकाळ होता. पहिली महिला शर्यत २०२०मध्ये ठरली, करोनामुळे रद्द झाली आणि अखेर २ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली. ब्रिटनच्या लिझी डायग्ननने ८० किलोमीटरहून अधिक अंतर एकटीने कापत ती जिंकली. बक्षीस मिळाले १,५३५ युरो. पुरुष विजेत्याला ३० हजार युरो मिळणार होते. हा फरक तिच्या संघाने भरून काढला. २०२५मध्ये पोलीन फेराँ-प्रेव्होने पहिल्याच प्रयत्नात विजय मिळवला. फ्रान्सच्या पुरुषांना १९९७नंतर, म्हणजे फ्रेडरिक गेदोंच्या विजयानंतर, ही शर्यत जिंकता आलेली नव्हती. महिलांचा मार्ग देनँ येथून सुरू होतो, २०२५मध्ये तो सुमारे १४८ किलोमीटरचा होता आणि त्यात आरेनबर्ग नसते. खडतरपणा हाच शर्यतीचा प्राण असेल तर तिचा सर्वांत प्रसिद्ध रस्ता महिलांच्या वाट्याला का नाही, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. त्याचे एक उत्तर भूगोलात आहे. देनँपासून आरेनबर्ग फारच जवळ आहे आणि ताज्या दमाचा अख्खा घोळका एकदम त्या अरुंद रस्त्यात शिरणे अधिक घातक ठरेल.

पुढे काय?

दगड काढा, असे आज जवळजवळ कुणीच म्हणत नाही. सायकलपटूंच्या संघटनेनेही ती मागणी केलेली नाही. मागणी आहे ती दगडांआधीचा वेग, अडथळ्यांची जागा आणि प्रेक्षकांची शिस्त यांविषयी. १९६०च्या दशकात ही शर्यत वाचली, कारण कुणीतरी नकाशा उघडून विसरलेले रस्ते शोधले. आता रस्ते सुरक्षित आहेत. वाचवायचे आहे ते त्यांवरून जाणाऱ्यांना. चिरा खचला की स्वयंसेवक तो उपसून पुन्हा बसवतात, नियमांचेही तसेच करावे लागेल. नरक हे नाव युद्धाच्या राखेतून आले होते. ते नाव शर्यतीची ओळख म्हणूनच राहायचे असेल, तर दरवर्षी शर्यत संपल्यावर रुबेच्या व्हेलोड्रोममध्ये सगळे धुळीने माखलेले, दमलेले, पण धडधाकट पोहोचले पाहिजेत.