स्प्रिंग कडक, पकड ढिली



पहाटे मार्केटातून भाजीच्या गोण्या आणणारा, दुधाचे कॅन दारोदार पोचवणारा, मासळीच्या पाट्या गावोगाव नेणारा आपला माणूस पुष्कळदा मोपेडवरच दिसतो. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची ५० सीसीची लूना आली, १९८० साली टीव्हीएस ५० आली आणि कष्टकऱ्यांच्या घरात इंजिनाची सायकल हे पोटापाण्याचे साधन झाले. आता तर साध्या सायकलला बसवायच्या इंजिनाचे किटही मिळते.

या गाडीवर ज्यांची रोजी चालते त्यांची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ओझे घेऊन चढावर गेले की इंजिन नुसते ओरडते, गाडी काही सरकत नाही. त्यावर कोणीतरी सल्ला देतो, "क्लचच्या स्प्रिंगा कडक टाका, गाडी पळेल." माणूस उसनवारी करून स्प्रिंगा टाकतो. महिन्याभरात क्लच जळतो. दुरुस्तीचा खर्च होतो आणि धंदाही बुडतो. असे का होते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

क्लच दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात हँडलला क्लचची मूठ असते. मोटारसायकलला तो असतो. सायकलला बसवायच्या टू-स्ट्रोक किटमध्येही बहुधा तोच असतो. येथे स्प्रिंग प्लेटींना दाबून धरते आणि मूठ दाबली की हा दाब सुटतो. म्हणजे स्प्रिंग हीच पकड. ती कडक केली तर पकड वाढते, मूठ मात्र जड होते.

दुसरा प्रकार मोपेडचा. त्याला मूठ नसते, रेस दिली की गाडी आपोआप निघते. इंजिनाच्या दांड्याबरोबर लायनर लावलेले शू फिरतात आणि त्यांच्याभोवती ड्रम असतो. गोफण फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, तसे फेरे वाढले की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घासतात आणि चाक फिरू लागते. मग येथे स्प्रिंगेचे काम काय? शूंना आत ओढून धरणे! म्हणजे या क्लचमध्ये स्प्रिंग पकडीच्या बाजूची नाही, विरुद्ध बाजूची आहे. नाव एकच, काम मात्र अगदी उलटे. सारा घोटाळा येथेच होतो.

आम्ही कारकून माणसे. आकडा मांडल्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही. तेव्हा जमाखर्च मांडू. मिनिटाला १००० फेरे असताना शूचा बाहेर जाण्याचा जोर १ धरा. फेरे दुप्पट झाले की हा जोर चौपट होतो. म्हणजे २००० फेऱ्यांना ४, ३००० ला ९ आणि ४००० ला १६. आता समजा, मूळ स्प्रिंगेवर क्लच २००० फेऱ्यांना पकडतो. याचा अर्थ स्प्रिंग ४ जोर खाते. ४००० फेऱ्यांना १६ मधून ४ वजा जाता पकडीसाठी १२ उरतात. कडक स्प्रिंग टाकून क्लच ३००० ला पकडू लागला, तर स्प्रिंग ९ जोर खाणार. त्याच ४००० फेऱ्यांना आता उरले फक्त ७! शू तेच, ड्रम तोच, ओझेही तेवढेच. पकड मात्र बारावरून सातावर आली. अशा गाडीचा क्लच चढावर घसरणार नाही तर काय होणार?

मग कडक स्प्रिंगेचा उपयोगच नाही का? आहे. काही लहान इंजिनांना कमी फेऱ्यांवर ताकद नसते. क्लच लवकर पकडला की ती गुदमरून बंद पडतात. तेथे स्प्रिंग थोडी कडक केली तर इंजिन ताकदीवर आल्यावर क्लच पकडतो आणि गाडी उसळून निघते. शर्यतवाले म्हणूनच हा बदल करतात. पण बाजारात दिवसातून पन्नास वेळा थांबून ओझ्यासह निघणाऱ्या माणसाला तो परवडत नाही. दर वेळी शू अधिक वेळ घासणार, तापणार आणि झिजणार.

तेव्हा गाडी ओढत नसेल तर आधी क्लच उघडून पाहावा. लायनर झिजला आहे काय? झिजलेल्या शूला ड्रमपर्यंत अधिक अंतर जावे लागते, स्प्रिंग अधिक ताणली जाते आणि क्लच आधीच उशिरा पकडत असतो. त्यात कडक स्प्रिंग म्हणजे दुखण्यावर दुखणे. कोरड्या क्लचमध्ये तेल गळले आहे काय? तेलात चालणाऱ्या क्लचला कंपनीने सांगितलेलेच तेल घातले आहे ना? ड्रम तापून निळा पडला आहे काय? याउलट, उभी गाडी रेस न देता पुढे सरकत असेल तर आयडलिंग कमी करून पाहावे. तरीही सरकत असेल तर स्प्रिंग ढिली झाली किंवा तुटली असण्याचा संभव आहे. अशा वेळी पूर्ण संच बदलावा, आणि तोही मूळ मापाचाच. एक नवी, एक जुनी असे करू नये.

क्लच चांगला असून ओझ्यामुळेच चढ झेपत नसेल, तर खरा उपाय मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटमध्ये आहे. ४० दात्यांऐवजी ४४ दात्यांचे बसवले तर ओढ दहा टक्के वाढते. वेग मात्र साधारण तेवढाच कमी होतो. ओझेवाल्याला वेगापेक्षा ओढ मोलाची.

आपली अनेक मुले गॅरेजमध्ये कामाला आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट. क्लचची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर वर्षांनंतर कर्करोगही होऊ शकतो. ओल्या फडक्याने पुसावे, नाकातोंडाला मास्क लावावा. घरातील आयाबहिणींनीही मुलांना हे बजावून सांगावे.

सायकलला इंजिन बसवणाऱ्यांनी कायदाही लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाचे इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तरच ते मोटार वाहन ठरत नाही. त्यापुढे नोंदणी, लायसन्स आणि विमा हे तिन्ही लागतात. किटमधील इंजिने बहुधा ४९ सीसी किंवा त्याहून मोठी असतात. कागदपत्रांशिवाय रस्त्यावर अपघात झाला तर नुकसानभरपाईचा बोजा सगळ्या घरावर येऊ शकतो.

सल्ला देणारा वाईट असतो असे नाही. त्याने मोटारसायकलवर पाहिलेले तो मोपेडला लावतो, इतकेच. म्हणून पुढच्या वेळी कोणी कडक स्प्रिंग सुचवली तर त्याला एकच प्रश्न विचारा, "या क्लचमध्ये स्प्रिंग पकडते की सोडवते?" उत्तर मिळाल्यावरच खिशात हात घाला. घामाचा पैसा आहे. तो समजून-उमजूनच खर्च झाला पाहिजे.