हसण्यापूर्वी थोडे थांबावे

वर्गात कोणी वेगळाच प्रश्न विचारला, की आपण सारे हसतो. हे हसणे किती उथळ असते, हे डॉ. ज्यूडा फोकमन या अमेरिकन शल्यविशारदाच्या कार्यावरून आम्हांस उमगले.

१९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी पाहिले, की शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या ग्रंथीत कर्करोगाच्या गाठी किंचित वाढून थांबतात. त्याच गाठी उंदराच्या शरीरात जाताच फोफावतात. असे का व्हावे? गाठ जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडावयास लावते, त्यांतून पोषण घेते, आणि रक्ताच्याच वाटेने तिच्या पेशी दूरच्या अवयवांत जाऊन ठाण मांडतात. मग ही रसदच तोडली तर? हा विचार त्यांनी १९७१ मध्ये मांडला. पुष्कळ तज्ज्ञांनी तो हसण्यावारी नेला. त्यांनी मात्र प्रयोग सोडले नाहीत. २००४ मध्ये या तत्त्वावरील औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक विक्षिप्त कल्पना खरी मानावी काय? मुळीच नव्हे, ती प्रयोगाच्या कसोटीस लावावी. उपहासाइतकीच उतावीळ आशाही घातक होय. १९९८ मध्ये उंदरांवरील यशाच्या बातम्या वाचून अनेक रुग्णांच्या आशा अवास्तव पालवल्या. प्रत्यक्षात त्या औषधाने पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात आयुष्य काही महिन्यांनीच वाढले. रुग्णाच्या घरी ते महिनेही मोलाचे असतात. पण त्यांस रोगमुक्ती म्हणणे ही वंचनाच ठरेल.

म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींनो, प्रश्नास हसू नये आणि उत्तराची घाई करू नये, एवढेच आमचे नम्र मत आहे.